रोजची गाडी ट्रॅकवर नेताय? टायर, चाकं, सस्पेन्शन कोणत्या क्रमाने करायचं

गाडी रोज कामाला जाते आणि अधूनमधून ट्रॅकवर जाते, अशा लोकांसाठी हे लिहितोय. ज्यांची गाडी फक्त ट्रॅकची आहे, ट्रेलरवर चढून येते, त्यांचं गणित वेगळं.

बहुतेकांचं सामान चुकीचं नसतं, क्रम चुकीचा असतो. आधी कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक एकत्र, उंची बदलता येणारे) येतात कारण गाडी खाली बसली की लगेच दिसते, मग मोठी चाकं, मग उरलेल्या पैशात बसेल तो टायर, आणि ब्रेक फ्लुइड मात्र शोरूममधून निघताना होतं तेच. हे बरोबर उलटं आहे. रस्त्याला टेकतो तो फक्त टायर. स्प्रिंग किती कडक लागणार, कॅम्बर (समोरून बघितल्यावर चाकाचा आत-बाहेर कल) किती लागणार, ब्रेक किती तापणार हे त्या टायरच्या ग्रिपवर ठरतं, म्हणून टायर ठरेपर्यंत बाकीच्या खरेदीला हातच लावू नका.

१. आधी गाडी धडधाकट करा

गाडी जॅकवर घ्या, खाली घोडी लावा (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही) आणि एकेक चाक हलवून बघा. वरून-खालून धरून हलवल्यावर खटखट लागलं तर बेअरिंग नाहीतर बॉल जॉइंट, डावी-उजवीकडून धरल्यावर लागलं तर बहुतेक टाय रॉडचं टोक. शॉकवर तेलाचा ओला पट्टा आहे का बघा. लोअर आर्मचा बुश टॉमीने किंचित ताणून बघा, रबरातल्या भेगा उघडल्या तर तो गेला. असा प्ले (सैलपणा) असलेल्या गाडीचं अलाइनमेंट (चाकांचे कोन) मशीनवर छान हिरवं दिसतं आणि ब्रेक मारला की सगळे आकडे हलतात, मग त्यावर कितीही खर्च करा, काही कळणार नाही.

मग ब्रेक. डॉट ३ चं नवं फ्लुइड किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, डॉट ४ चं २३० ला, डॉट ५.१ चं २६० ला. पण हे फ्लुइड हवेतलं पाणी शोषत राहतं, आणि ३.७ टक्के पाणी मुरलं की डॉट ४ ची किमान मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. ट्रॅकवर कॅलिपर त्यापुढे जायला वेळ लागत नाही. उकळलं की पाइपमध्ये बुडबुडे होतात, आणि पेडल थेट तळाला जातं. तेव्हा ताजं डॉट ४ किंवा ५.१ भरा, चारही चाकांवर ब्लीड करा (जुनं फ्लुइड आणि हवा बाहेर काढा), आणि पॅड किमान निम्मे शिल्लक असू द्या.

सावधान: डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळंच फ्लुइड आहे. आकडा मोठा दिसतो म्हणून डॉट ४ मध्ये टाकू नका.

एवढं झालं की गाडी आहे तशी एकदा ट्रॅकवर न्या. नाक कुठल्या वळणात बाहेर जातं, मागचं कुठे सुटतं, प्रत्येक सेशननंतर हवा किती झाली, कुठल्या टायरची कुठली कड खाल्ली, सगळं वहीत लिहा. कंटाळवाणं काम आहे, पण ही नोंद नसेल तर नंतर सुधारणा झाली की गाडी फक्त कडक झाली ते सांगताच येत नाही.

२. टायर ठरवा

आता सगळ्यात महत्त्वाचा निर्णय, इथे घाई करू नका.

टायरच्या कडेवर ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती टिकेल याचा, आकडा असतो. ढोबळमानाने ३०० आणि वरचे चांगले समर टायर रोजच्याला उत्तम आणि ट्रॅकवर चालण्यासारखे, २०० चा गट म्हणजे ट्रॅक डोळ्यासमोर ठेवून केलेले पण रस्त्यावर चालणारे, आणि १०० च्या आसपासचे म्हणजे जवळजवळ स्लिकच (बिननक्षीचा रेसिंग टायर). हा आकडा कंपनी स्वतःच देते, त्यामुळे एका कंपनीचा २०० आणि दुसरीचा २०० सारखा धरू नका, गट ओळखण्यापुरताच तो वापरा.

ट्रॅकवर अजून पाच-सहा वेळासुद्धा गेला नसाल तर माझं स्पष्ट मत, ३०० च्या गटातला समर टायर घ्या. तो सुटायच्या आधी ओरडतो, हळूहळू सुटतो, आणि तुमची चूक लगेच तुम्हाला सांगतो. चिकट टायर तुमच्या चुका झाकतो आणि सुटतो तेव्हा जास्त वेगात, एकदम. शिवाय तो गार असताना पकडत नाही, चर कमी असल्यामुळे साचलेल्या पाण्यावर तरंगतो, आणि ट्रॅकवरून घरी येताना नेमका पाऊस लागला तर तीच गाडी चालवायची असते. कडाक्याच्या थंडीत, साधारण ७ अंशांच्या खाली, तर सगळेच समर टायर कडक पडतात.

चिकट टायर घेतलाच तर त्याचा भार पुढे सगळ्यांवर येतो हे धरून चला: ब्रेक जास्त तापतात, बेअरिंग लवकर जातात, आणि लांब वळणात इंजिनातलं ऑइल एका बाजूला सरकून पंपाला हवा मिळू शकते. ऑइलची पातळी वरच्या खुणेवर ठेवा, त्यापेक्षा जास्त नाही.

साइझची गंमत अशी की बहुतेकांना वाटतं रुंद टायर हवा तर मोठं चाक घ्यावंच लागेल. तसं नाही. समजा तुमच्या गाडीला २०५/५५ आर १६ आहे. रिमचा व्यास १६ गुणिले २५.४ म्हणजे ४०६.४ मिमी, त्यात दोन्ही बाजूंची कड, २०५ चे ५५ टक्के दोनदा, म्हणजे २२५.५. एकूण ६३१.९ मिमी. आता २२५/५० आर १६ मोजा, ४०६.४ अधिक २२५, म्हणजे ६३१.४. उंची जवळजवळ तीच, टायर २० मिमी रुंद, रिम १६ चाच. फक्त रिमची रुंदी त्या टायरला चालणारी हवी, २२५/५० ला साधारण ७ इंच योग्य बसते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर तो वळणात कडेवर लोळतो आणि रुंदीचा फायदा हातात येत नाही.

खरेदीच्या वेळी हे तपासा:

- लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नको. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७०. वेगाचं अक्षरही खाली नको: व्ही २४० किमी, डब्ल्यू २७०, वाय ३००.
- तारीख. कडेवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे, २३२४ असेल तर २०२४ चा २३ वा आठवडा. दुकानात पडून म्हातारा झालेला चिकट टायर नक्षी नवीकोरी असली तरी कडक झालेला असतो.
- चारही टायर एकाच मॉडेलचे. पुढे चिकट आणि मागे साधे लावले तर गाडी मागून फिरेल, आणि ते ब्रेक मारताना किंवा एक्सिलरेटर सोडताना होईल, म्हणजे सगळ्यात वाईट वेळी.
- पुढच्या-मागच्या टायरच्या उंचीतलं प्रमाण बिघडवू नका. एबीएस आणि ईएसपी (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा) चाकांचा वेग एकमेकांशी ताडून बघतात, आणि चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत तर डिफरन्शियलवरही ताण येतो.

३. चाकं

आहे त्या रिमवर तुमचा टायर बसत असेल तर ही पायरी सोडून द्या, खरंच. पैसे टायरात आणि ट्रॅकवरच्या दिवसांत घाला.

घ्यायचीच असतील तर ब्रेकवर बसेल तितका लहान व्यास घ्या. लहान रिम बहुधा हलका असतो आणि त्याच्या मापाचे टायर स्वस्त मिळतात. साधं कास्ट चाक जड पडतं, फ्लो फॉर्म्ड मधलं, फोर्ज्ड सगळ्यात हलकं आणि मजबूत. फक्त नाव ऐकून घेऊ नका, एका चाकाचं वजन आणि ते किती भार पेलतं ते दोन्ही विचारा, उत्तर मिळालं नाही तर ते चाक नको.

ऑफसेट, म्हणजे चाकाच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती मिमी बाहेर आहे, इथे लोकांना सगळ्यात जास्त फसवतो. चाकावर तो ईटी म्हणून लिहिलेला असतो. समजा ७ इंच ईटी ४५ वरून ८ इंच ईटी ४५ वर गेलात. एक इंच वाढला म्हणजे २५.४ मिमी, तो निम्मा आत, निम्मा बाहेर, १२.७ - १२.७. आता तेच ८ इंची चाक ईटी ३५ चं घेतलं तर सगळं १० मिमी बाहेर सरकतं: बाहेर २२.७ वाढलं, आत फक्त २.७. म्हणजे आत शॉकला लागत असेल तर ईटी कमी करायचा, बाहेर फेंडरला घासत असेल तर वाढवायचा. हे कागदावर मांडा आणि मग गाडीवर आत-बाहेर किती जागा आहे ते खरंच पट्टीने मोजा, स्टिअरिंग सरळ असताना आणि दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून.

पीसीडी (नटांची भोकं ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास, मिमीत) तंतोतंत जुळला पाहिजे, १०० आणि ११४.३ च्या मध्ये "जवळपास" असं काही नसतं. मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर मापाची रिंग घाला. आणि नटची बैठक बघा, शंकूसारखी आहे का गोल, कारण शंकूच्या नटने गोल बैठकीचं चाक कसलं तर पाना बरोबर आकडा दाखवतो आणि चाक सैलच असतं.

तपासा: नट हाताने फिरवत पूर्ण बसेपर्यंत किती फेरे होतात ते मोजा. १२ मिमीच्या स्टडला १.५ चे आटे असतील तर किमान ८ फेरे हवेत, म्हणजे १२ मिमी आटे अडकले. स्पेसर घातल्यावर हे परत मोजा, फेरे कमी भरले तर लांब स्टड घाला नाहीतर स्पेसर काढा. टॉर्क गाडीच्या पुस्तकात दिलाय तोच, आटे कोरडे, ग्रीस नाही.

४. हवा आणि खडू

सस्पेन्शनला हात लावायच्या आधी हा एक दिवस द्या. खर्च काहीच नाही आणि मला स्वतःला सगळ्यात जास्त इथेच शिकायला मिळालं.

समजा सकाळी २० अंशांना ३२ पीएसआय भरलेत आणि टायरच्या आतली हवा तापून ७० अंशांवर गेली. हाच टायर आता साधारण ४० दाखवेल, म्हणजे ८ पीएसआय जास्त. चाळीसवर टायर फुगून मधल्या पट्ट्यावर चालतो आणि दोन्ही खांदे नीट टेकत नाहीत, आणि मग माणूस म्हणतो टायर पकडत नाही. म्हणून थंड हवेचा आकडा विसरा, गरम आकडा धरा. तुमच्या टायरला किती गरम हवा हवी ते कंपनीने सांगितलं असेल तर तेच, नसेल तर मी बहुतेक मध्यम वजनाच्या गाड्यांना ३४ ते ३६ पासून सुरू करतो.

आता खडू. टायरच्या खांद्यापासून कडेवर उतरणारी जाड उभी रेघ मारा, प्रत्येक टायरवर तीन ठिकाणी. चार-पाच फेऱ्या मारून या आणि रेघ कुठपर्यंत पुसली ते बघा. पुढच्या बाहेरच्या टायरवर रेघ खांद्याच्या छोट्या त्रिकोणी खुणेपर्यंत पुसली तर बरोबर. त्रिकोणाच्या खाली कडेवर गेली तर टायर लोळतोय, हवा कमी आहे किंवा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कललेला) कमी आहे. त्रिकोणाच्या वरच राहिली तर हवा जास्त. मी एकदा हवा वाढवत ३९ वर नेली तरी रेघ खालीच जात होती, नक्षीच्या बाहेरच्या ठोकळ्यांची धार गोल झाली होती आणि त्यावर रबराच्या बारीक सुरकुत्या आल्या होत्या, बोट फिरवलं की एका दिशेला गुळगुळीत, उलट दिशेला करवतीसारखं. तो प्रश्न हवेचा नव्हताच, कॅम्बरचा होता.

सुई टोचायचं थर्मामीटर असेल तर पिटमध्ये थांबल्या थांबल्या आतली कड, मध्य आणि बाहेरची कड मोजा. मध्य दोन्हींपेक्षा गरम म्हणजे हवा जास्त. बाहेरची कड सगळ्यात गरम म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर वाढवा. आतली किंचित गरम असणं चांगलं. नुसतं वरवरचं तापमान दाखवणारं लेझरवालं यंत्र इथे फसवतं, पृष्ठभाग काही सेकंदांत गार होतो.

५. अलाइनमेंट

खडूने कॅम्बर कमी आहे असं सांगितलं तरच इथे या. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉक आणि स्प्रिंगचा एकच उभा खांब) असलेल्या बहुतेक गाड्या कंपनीतून शून्य ते उणे १ अंशाच्या आसपास येतात, आणि ट्रॅकवर जाणाऱ्या रोजच्या गाडीला उणे २ ते उणे २.५ बरं पडतं. कॅम्बर बोल्टने थोडं मिळतं, जास्त हवं असेल तर वरची कॅम्बर प्लेट. प्लेटमध्ये रबराऐवजी लोखंडी बेअरिंग असेल तर खड्ड्यात आवाज येणार, तयारी ठेवा.

रोजच्या चालण्यात टायर कॅम्बरपेक्षा टो खातो. टो म्हणजे वरून बघितल्यावर चाकं पुढच्या बाजूला आत वळलेली (टो-इन) की बाहेर (टो-आउट). लोक उणे २ ऐकून घाबरतात आणि चुकीच्या टोकडे बघतही नाहीत. पुढे शून्य, मागे किंचित टो-इन, इथून सुरुवात करा. मागे टो-आउट नको, वेगात ब्रेक मारताना गाडी शेपूट हलवते.

क्रम: हवा बरोबर, टाकीत अर्धं पेट्रोल, सीटवर तुमच्या वजनाइतकं वजन. आधी मागचा एक्सल, मग पुढे कॅस्टर (बाजूने बघितल्यावर स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल), मग कॅम्बर, आणि टो शेवटी, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही प्रिंट घ्या आणि वहीला लावून ठेवा.

६. डॅम्पर (शॉक) आणि स्प्रिंग

इतकं करून दोन-तीन दिवस ट्रॅकवर काढलेत आणि अजूनही गाडी वळणात फार कलते, बंपस्टॉपवर (शॉक पूर्ण दबला की लागणारा रबर) आदळते, ब्रेकमध्ये नाक खुपसते, तर आता कॉइलओव्हरची वेळ.

स्प्रिंगचा आकडा नुसता ऐकून उपयोग नाही. किलो प्रति मिमी, न्यूटन प्रति मिमी, पाउंड प्रति इंच अशी तीन एककं चालतात, १ किलो प्रति मिमी म्हणजे साधारण ९.८ न्यूटन प्रति मिमी म्हणजे साधारण ५६ पाउंड प्रति इंच. शिवाय स्प्रिंग चाकापासून किती आत बसवलीये त्यावर तिचा खरा कडकपणा ठरतो: चाक १० मिमी वर गेल्यावर स्प्रिंग ७ मिमीच दबत असेल तर ०.७ चा वर्ग, ०.४९. म्हणजे १० किलोची स्प्रिंग चाकापाशी पाचाहून कमी. म्हणून मित्राच्या वेगळ्या गाडीचा आकडा उचलू नका. ज्या गाडीवर रोज खड्डे खायचेत तिला मी कंपनीच्या स्प्रिंगच्या दीडपटीपासून सुरू करेन, आणि दुपटीच्या वर तेव्हाच, जेव्हा डॅम्पर त्या स्प्रिंगसाठीच बनवलेला असेल. जुन्या शॉकवर कडक लोअरिंग स्प्रिंग हा सगळ्यात वाईट सौदा, शॉकला ती आवरत नाही आणि गाडी उड्या मारते.

उंची. मॅकफर्सन गाडी खाली केली की लोअर आर्मचं बाहेरचं टोक वर जातं, आणि रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातं. दोघांमधलं अंतर वाढलं की गाडी त्याच स्प्रिंगवर जास्त कलायला बघते. वरून बंप स्टिअर सुरू होतं, खड्ड्यात चाक वर गेलं की टो आपोआप बदलतो. जमिनीवर उभ्या गाडीत लोअर आर्म आडवा किंवा बाहेरच्या टोकाकडे किंचित उतरता राहू द्या, बहुतेक गाड्या २० ते २५ मिमीपेक्षा जास्त खाली करायची गरज नाही.

प्रीलोडची रिंग (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी) घट्ट केली की स्प्रिंग कडक होते हा गैरसमज आहे, सरळ रेटची (कितीही दबली तरी कडकपणा तोच असणारी) स्प्रिंग तेवढीच कडक राहते. ज्या कॉइलओव्हरला खालचा ब्रॅकेट फिरवून उंची बदलता येते त्यात उंची तिथूनच बदला, म्हणजे डॅम्परचा प्रवास शाबूत राहतो.

सावधान, बसवताना हे हमखास चुकतं: लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत लटकत असताना पूर्ण कसू नका. चाक लोंबकळत असताना कसलं तर रबर त्याच अवस्थेत पकडलं जातं आणि गाडी खाली टेकवली की कायम पिळलेलं राहतं. माझ्या गाडीला एका गॅरेजमध्ये असंच झालं. गाडी पुढून १० मिमी उंच बसली, आम्ही रिंगा फिरवून ती खाली आणत बसलो, आणि काही महिन्यांत दोन्ही बुश फाटले. बोल्ट हाताने लावा, चाकं टेकवा किंवा आर्मखाली जॅक देऊन गाडीचा भार त्यावर घ्या, गाडी थोडी दाबून हलवा, आणि मग टॉर्क रेंचने कसा.

उंची बदलली की अलाइनमेंट परत करायचं, प्रत्येक वेळी.

७. अँटी-रोल बार

वळणात गाडीचं कलणं कमी करणारा दांडा. हा शेवटी, फक्त तोल जुळवायला. भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, २० चा २२ केला तर ४६ टक्के जास्त, म्हणजे २ मिमी हा लहान बदल नाही. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीचं नाक बाहेर जात असेल तर मागचा बार वाढवून वळणं सोपं होतं. ओल्या रस्त्यावर तोच बार गाडी मागून सोडू शकतो, म्हणून अ‍ॅडजस्टेबल घ्या आणि मऊ भोकापासून सुरू करा.

८. पहिला दिवस, आणि घरी परत

नवे टायर पहिल्याच फेरीत पिळू नका. एक सेशन हळूहळू तापवत न्या आणि मग जमलं तर २४ तास थंड होऊ द्या, चिकट टायर त्याने जास्त टिकतात.

हवा सकाळी सावलीत मोजा, कारण उन्हाकडच्या दोन टायरांत आधीच जास्त दाखवते. पहिलं सेशन संपलं की शेवटची फेरी ब्रेक न वापरता आरामात, मग हवा मोजून गरम आकड्यावर आणा, किती सोडली ते लिहा. हँडब्रेक ओढू नका, पॅड तापलेल्या डिस्कला चिकटतो, गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला अडसर लावा. चाकं गार झाली की नटचा टॉर्क तपासा. आतल्या फेंडर लायनरवर रबर घासल्याची चकाकी आहे का ते टॉर्च मारून बघा.

एका सेशनला एकच बदल. डॅम्परचे दोन क्लिक आणि हवा दोन्ही एकदम बदलली तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

निघताना हवा परत भरायला विसरू नका. ७० अंशांना ३४ वर आणलेला टायर २० अंशांपर्यंत गार झाला की २७ वर येतो, आणि तशाच हवेवर हायवेच्या वेगाने, सामान भरून, तासन्‌तास जायचं नाही. टायर गार होईपर्यंत थांबा, दरवाज्याच्या पट्टीवरच्या आकड्याला भरा, नट परत एकदा कसून बघा, ब्रेकचं पेडल दाबून ते पहिल्यासारखं कडक आहे ना बघा, आणि मग निघा.